वॉटसन हॉटेलमधला कर्जबाजारी पाहुणा

इतिहासाच्या गप्पांचा आजचा विषय जरा खिशाला झोंबणारा आहे. कर्ज. देशाचं नाही, कंपनीचं नाही, एका माणसाचं. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी याच विषयावर मेसेज केले. कोणाचं एज्युकेशन लोन, कोणाचं क्रेडिट कार्ड, कोणी तीन वेगवेगळ्या ॲपवरून घेतलेलं 'इन्स्टंट' कर्ज. आणि जवळपास सगळ्यांचा सूर एकच: फेडायला जोशात सुरुवात केली, पण चार-पाच महिन्यांत दम गेला. मी काही फायनान्सवाला नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे बजेटचा एक्सेल कसा करायचा वगैरे सांगणार नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो, आणि तिचा एक तुकडा आपल्या मुंबईत घडलेला आहे.

काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची एक मोडकळीला आलेली इमारत आहे. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडलेली. एकेकाळी हे वॉटसन हॉटेल होतं, मुंबईतलं सगळ्यात नावाजलेलं. १८९६ च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच वर्षी जानेवारीत इथे एक अमेरिकन म्हातारा उतरला होता. पांढऱ्या मिशा, विस्कटलेले केस, आणि छातीत बसलेला खोकला. आल्याआल्या आजारी पडला आणि काही दिवस खोलीतच अडकला. खिडकीतून कावळे बघत बसायचा. त्या कावळ्यांवर त्याने पुढे पुस्तकात इतकं मजेशीर लिहिलं, की वाचताना कोणाला संशयही येऊ नये की हा माणूस जगभर फिरतोय तो कर्ज फेडायला.

हा मार्क ट्वेन. खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स. टॉम सॉयर आणि हकलबरी फिनचा बाप. वय साठ.

आता साठाव्या वर्षी इतका प्रसिद्ध लेखक कर्जात कसा बुडतो? पैसा मिळत नव्हता का? भरपूर मिळत होता. पुस्तकं तुफान खपत होती, बायको श्रीमंत घरातली होती, हार्टफर्डमध्ये दिमाखदार घर होतं. प्रश्न कमाईचा नव्हता. दोन भोकं होती, आणि दोन्ही वेगवेगळ्या जातीची.

पहिलं भोक म्हणजे एक यंत्र. ट्वेन पोरवयात छापखान्यात उमेदवारी करत होता. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, छपाई झाली की तेच खिळे परत आपापल्या खणात टाकायचे, हे काम त्याने हाताने केलेलं. त्यामुळे १८८० च्या सुमारास जेम्स पेज नावाच्या संशोधकाचं खिळे आपोआप जुळवणारं यंत्र त्याने पाहिलं तेव्हा तो हरखून गेला. हे यंत्र माणसासारखं काम करायचं: खिळा उचल, ओळीत लाव, ओळ नीट बसव, वापरून झाल्यावर परत जागेवर टाक. सुटे भाग सुमारे अठरा हजार. आणि चाललं की खरोखर देखणं चालायचं. अडचण एवढीच, की ते फार वेळ चालायचंच नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा पेज लगेच ओळखू येईल. हा तो माणूस, ज्याचं प्रॉडक्ट कायम 'जवळपास तयार' असतं. यंत्र चालू लागलं की याला एखादी सुधारणा सुचायची, की परत सगळं उलगडून ठेवायचा. आणि ट्वेन हा असा गुंतवणूकदार, की दर वेळी डेमो बघून विरघळायचा. एक काळ असा होता की महिन्याला सुमारे ३००० डॉलर त्या यंत्रात जात होते. एकूण किती गेले याचे अंदाज दीड लाखापासून तीन लाख डॉलरपर्यंत आहेत. तेवढ्यात ऑटमार मर्गेनथेलरचं लायनोटाइप १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात कामाला लागलंसुद्धा. त्याने खिळे उचलण्याची नक्कल केलीच नाही. वितळलेल्या शिशातून सरळ अख्खी ओळच ओतायची आणि वापरून झाली की परत वितळवायची. प्रश्नच बदलून टाकला. पेजच्या यंत्राची खरी चाचणी १८९४ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रात झाली आणि ते तिथे सारखं बंद पडत राहिलं. त्यातलं एक यंत्र आज हार्टफर्डला ट्वेनच्याच घरातल्या संग्रहालयात ठेवलंय. मला हे जरा क्रूर वाटतं, पण असो.

दुसरं भोक जास्त शिकण्यासारखं आहे, कारण ते बाहेरून धंद्याची भरभराट वाटायचं. १८८४ मध्ये ट्वेनने स्वतःची प्रकाशन कंपनी काढली, चार्ल्स एल. वेबस्टर अँड कंपनी. सुरुवात झकास. हकलबरी फिन आलं. मग माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँटच्या आठवणी. आणि या ग्रँटची गोष्ट आपल्या विषयाला इतकी लागून आहे की एक मिनिट थांबतोच.

ग्रँट यादवी युद्धाचा विजेता सेनापती, दोनदा राष्ट्राध्यक्ष. १८८४ मध्ये त्याच्या भागीदाराने केलेल्या लबाडीत वॉल स्ट्रीटवरची त्यांची पेढी बुडाली. त्याच्या आधीच ग्रँटने पेढी वाचवायला म्हणून व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर उसने घेतलेले. ते फेडायला युद्धातल्या तलवारी, मानपत्रं, भेटवस्तू, सगळं त्याच्या नावावर करून दिलं. त्याच वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. मागे बायको निष्कांचन राहणार हे दिसत होतं. मग हा माणूस लिहायला बसला. आवाज जायला लागला तरी लिहीत राहिला. २३ जुलै १८८५ ला गेला, त्याच्या काही दिवस आधी काम संपवून. दुसरा प्रकाशक त्याला दहा टक्के रॉयल्टी देत होता. ट्वेनने निव्वळ नफ्यातले सत्तर टक्के दिले. पुढच्या फेब्रुवारीत ग्रँटच्या विधवेच्या हातात दोन लाख डॉलरचा चेक पडला. पुढे एकूण रक्कम चार लाखांच्या वर गेली.

म्हणजे हा व्यवहार ट्वेनने अव्वल दर्जाचा केला. पण त्या यशाने कंपनीचा अंदाज चुकला. पुढे पोपचं चरित्र काढलं, ते अपेक्षेच्या मानाने फारच कमी खपलं. कंपनीच्या हिशोबनीसाने सुमारे २५,००० डॉलर खाल्ले. आणि खरा घाव घातला तो अमेरिकन साहित्याच्या एका अकरा खंडांच्या संचाने. संच वाईट नव्हता. उलट भरपूर खपला, आणि तोच घात ठरला. कारण तो हप्त्यांवर विकला जायचा. गिऱ्हाईक पहिला छोटा हप्ता देणार, खंड घरी नेणार आणि पुढचे पैसे महिन्या-महिन्याने देणार. पण कागद, छपाई, बांधणी, विक्रेत्याचं कमिशन हे सगळं कंपनीला आधीच मोजावं लागायचं. म्हणजे जितकी विक्री जास्त, तितकी खिशातून रोकड जास्त. मग बँकेकडून कर्ज. ते फेडायला दुसरं. आपण ईएमआयवर फोन घेतो तेव्हा हप्त्याच्या एका टोकाला असतो. ट्वेनची कंपनी दुसऱ्या टोकाला होती, आणि तिच्यामागे बजाजसारखी एखादी फायनान्स कंपनी उभी नव्हती.

१८९१ मध्येच खर्च झेपेना म्हणून क्लेमेन्स कुटुंबाने हार्टफर्डचं घर बंद करून युरोप गाठला होता. तिथे स्वस्ताई होती. १८९३ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, बँकांनी पैसे परत मागायला सुरुवात केली, आणि १८ एप्रिल १८९४ ला वेबस्टर कंपनीने हात वर केले. शंभराच्या आसपास धनको. धनको म्हणजे ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो. प्रत्येकाचे सरासरी हजारेक डॉलर. यात बँक होती, तसेच कागदवाले, छापखानेवाले, बांधणीवालेही होते. शिवाय ट्वेनची बायको ऑलिव्हिया, म्हणजे लिव्ही, हिने स्वतःच्या पैशातून कंपनीला दिलेले साठेक हजार डॉलर, ते वेगळेच.

आता इथे एक नवीन पात्र येतं, आणि माझ्या मते या गोष्टीचा अर्धा हिरो तोच आहे. हेन्री रॉजर्स. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलमधला बडा अधिकारी, धंद्यात इतका निर्दयी की वॉल स्ट्रीटवर त्याला शिकारी कुत्र्याचं टोपणनाव होतं. हा ट्वेनच्या लिखाणाचा चाहता. १८९३ च्या शरदात दोघांची ओळख झाली आणि रॉजर्सने या लेखकाचे सगळे कागद स्वतःच्या टेबलावर मागवून घेतले.

त्याने काय केलं बघा. सगळ्यात आधी, लिव्ही ही कंपनीची सगळ्यात मोठी धनको आहे हा मुद्दा पुढे करून ट्वेनच्या पुस्तकांचे कॉपीराइट तिच्या नावावर केले. बाकीचे धनको खवळले. त्यांना ते हक्क तिथल्या तिथे लिलावात काढायचे होते. मंदीत ते कवडीमोलाने गेले असते. रॉजर्सचा हिशोब साधा होता: ज्या गाईचं दूध विकून देणं फेडायचं, ती गाय आधी विकू नका. मला स्वतःला ही चाल सुरुवातीला थोडी चलाखीची वाटली होती. पण धनकोंना शेवटी पूर्ण पैसे मिळाले ते त्याच हक्कांमुळे, त्यामुळे वकिली युक्ती म्हणून ती सोडून देता येत नाही.

मग प्रश्न आला, किती फेडायचं. धनकोंपैकी अनेक जण डॉलरमागे पन्नास सेंट घेऊन मिटवायला तयार होते. बुडीत धंद्यात अर्धे मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं. व्यवहारी सल्लागार हेच सुचवत होते. लिव्ही अडून बसली. शंभर सेंट, एकही कमी नाही. आणि रॉजर्स, तो शिकारी कुत्रा, तिच्या बाजूने उभा राहिला. त्याचं म्हणणं होतं की व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी, लेखकाचं भांडवल म्हणजे त्याचं नाव, ते अर्ध्यात मिटवता येत नाही.

म्हणजे फेडायचं. कशाने? पुस्तकाला वेळ लागतो. ट्वेनकडे दुसरं एकच कौशल्य होतं ज्याचे रोख पैसे मिळायचे: स्टेजवर उभं राहून लोकांना हसवणं. आणि नेमकं तेच त्याला नको झालं होतं. तरुणपणी हजार गावं केली होती, ते प्रवास, ती हॉटेलं, तेच तेच किस्से. तरी १५ जुलै १८९५ ला क्लीव्हलंडपासून त्याने जगाचा दौरा सुरू केला. निघण्यापूर्वी अंगावर मोठं गळू झालेलं, त्यामुळे नीट उभंही राहता येत नव्हतं. त्यात एका मुद्रकाने बाकी वसुलीसाठी कोर्टात खेचलं. बरोबर लिव्ही आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन मावशीकडे राहिल्या.

अमेरिका पार करून ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला पोचल्यावर, बोटीत चढण्याआधी, त्याने एक गोष्ट केली जी मला फार महत्त्वाची वाटते. वर्तमानपत्रांना जाहीर निवेदन दिलं. मी सगळं देणं पूर्ण फेडणार आहे, जगलो तर चार वर्षांत, आणि मग चौसष्टाव्या वर्षी कोऱ्या पाटीने सुरुवात करणार. कायद्याने कदाचित सुटलो असतो, पण अब्रूचा जाच कायद्यापेक्षा कडक असतो, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. झालं. आता माघार घेणं म्हणजे सगळ्या जगासमोर माघार. जिमला जायचं स्टेटस टाकणाऱ्यांना मी हसतो, पण इथे ती युक्ती साठ वर्षांच्या माणसाने वापरलीय, आणि खालच्या जोखमीवर नाही.

दौऱ्याची सुरुवातच फिसकटली. होनोलुलूला बोट लागली, पण किनाऱ्यावर कॉलरा. उतरायला बंदी. व्याख्यान रद्द, तिकिटांचे पैसे परत. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. साठावा वाढदिवस न्यूझीलंडमध्ये. मग सिलोन, आणि जानेवारीत मुंबई.

मुंबईत खोकला आटोक्यात आल्यावर नॉव्हेल्टी थिएटरमध्ये त्याचे कार्यक्रम झाले. कार्यक्रम म्हणजे काय? एकटा माणूस, हातात कागद नाही, हळू आवाजात, चेहरा सुतकी ठेवून, 'समाजाची नैतिक सुधारणा' असा भारदस्त विषय घ्यायचा आणि त्यात आपले जुने किस्से एकामागून एक ओवायचे. लहानपणी कलिंगड चोरलं, त्यातून मी नीतीचा कोणता धडा घेतला, असल्या गोष्टी. आजच्या भाषेत स्टँडअप. आणि स्टँडअपवाल्यासारखंच, तेच मटेरियल शहराशहरात. इथून तो पुण्याला गेला, बडोद्याला गेला, मग अलाहाबाद, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, लखनौ, लाहोर, रावळपिंडी. दोन महिन्यांहून जास्त. मध्ये जयपूरला पुन्हा आजारी.

आता 'मोटिव्हेशन' हा शब्द मनात ठेवून त्याच्या या प्रवासाकडे बघा. आपल्याला वाटतं की इतकं मोठं काम तडीला नेणारा माणूस रोज सकाळी पेटून उठत असेल. तसं काही दिसत नाही. त्याला बोटीवर बरं वाटायचं कारण बोटीवर व्याख्यान नसायचं. तो कुरकुर करायचा, वैतागायचा. पण त्याच्या बाजूने तीन गोष्टी होत्या. तारखा मॅनेजरने आधीच ठरवलेल्या असायच्या, म्हणजे 'आज मूड आहे का' हा प्रश्नच नव्हता, थिएटर भरलेलं असायचं. पैसे त्याच्या हातात राहत नव्हते, ते रॉजर्सकडे जात होते. ज्या माणसाने पेजच्या यंत्रात इतके ओतले, त्याच्या खिशात रोकड न ठेवणं ही फार शहाणी योजना होती. आणि तिसरं, खोलीत परत आल्यावर तिथे लिव्ही असायची. शंभर सेंटचा निर्णय तिचाही होता, म्हणून ती पन्नाशीत दोन बॅगा घेऊन तापलेल्या रेल्वेतून फिरत होती. कर्ज एकट्याचं नव्हतं.

शिवाय तो बघत होता. मुंबईतल्या रंगांवर, गर्दीवर, मलबार हिलवरच्या शांतता मनोऱ्यावर, मध्यरात्रीच्या लग्नाच्या वरातीवर, हॉटेलातल्या नोकरांवर, सगळ्यावर टिपणं काढत होता. त्याला पक्कं माहीत होतं की व्याख्यानांनी सगळं फिटणार नाही, उरलेलं पुस्तकाने फेडायचंय. कावळ्यांकडे बघणं हासुद्धा कामाचाच भाग होता.

मॉरिशस, दक्षिण आफ्रिका करत दौरा जुलै १८९६ मध्ये केप टाउनला संपला. महिन्याअखेर ते इंग्लंडला पोचले. ठरलं होतं की सूझी आणि जीन तिथे येतील, सगळे एकत्र राहतील, ट्वेन पुस्तक लिहील. सूझी आजारी असल्याचं कळलं. लिव्ही आणि क्लारा लगेच बोटीने अमेरिकेला निघाल्या. त्या अजून समुद्रावर असताना, १८ ऑगस्टला, चोवीस वर्षांची सूझी हार्टफर्डच्या घरात मेंदूज्वराने गेली. ट्वेन इंग्लंडमध्ये एकटा होता. तार त्याच्या हातात पडली.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण कर्जमुक्तीच्या प्रेरणादायी गोष्टींमध्ये हा भाग एका ओळीत उरकतात. त्याने हे कर्ज फेडण्याची किंमत काय दिली, तर लेकीच्या आयुष्यातलं शेवटचं वर्ष तो तिच्याजवळ नव्हता. या अपराधाच्या भावनेतून तो कधी पूर्ण बाहेर आलाच नाही. ते कुटुंब त्या घरात परत कधी राहायला गेलं नाही, पुढे ते विकून टाकलं.

आणि तरी पुस्तक लिहायचं होतंच. लंडनच्या चेल्सी भागात एक घर घेऊन, कोणाला न भेटता, तो रोज लिहीत राहिला. ते प्रवासवर्णन १८९७ च्या अखेरीस आलं. वाचाल तर विनोदी आहे. पुढे एका मित्राला पत्रात त्याने कबूल केलं की हे पुस्तक मी नरकात बसून लिहिलं आणि जमेल तेवढं स्वर्गातल्या सहलीचं सोंग आणलं. मला वाटतं या काळात काम हेच त्याला धरून ठेवत होतं. कर्ज नसतं तर तो कदाचित टेबलाशी बसलाच नसता.

मध्ये एक मोह आला. १८९७ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग. ट्वेनला आधी ते चाललंसुद्धा! घरच्यांनी विरोध केला, मुख्यतः लिव्हीने, आणि मग त्याने ते थांबवायला लावलं. मला या प्रसंगात तो जास्त माणूस वाटतो. दोन वर्षं फिरून, लेक गमावून, कोणी म्हणालं की उरलेलं आम्ही भरतो, तर क्षणभर हो म्हणावंसं वाटणारच.

या सगळ्यावर तुमच्यातले काही म्हणतील, काय हा अब्रूचा हट्ट, सगळीच कर्जं अशी फेडायची का? चांगला प्रश्न आहे, आणि आपल्याकडचा इतिहास त्याचं वेगळं उत्तर देतो. ट्वेन मुंबईत आला त्याच्या एकवीस वर्षं आधी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना मुख्यतः हवी होती ती कागदपत्रं: कर्जरोखे, हुकूमनामे. ते जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्या कर्जांमध्ये घेतलेल्या रकमेशी रोख्यावरच्या आकड्याचा संबंध उरलेला नव्हता, आणि वसुलीत जमीन जात होती. सरकारने १८७९ मध्ये कायदा केला, ज्यात कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासायची मुभा मिळाली. त्याहून कितीतरी जुना आपला दामदुपटाचा नियम आहेच: व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे कर्ज फेडण्याचं नैतिक ओझं धनको कोण आहे यावर अवलंबून नाही असं म्हणणं मला पटत नाही. ट्वेनने ज्यांचे पैसे फेडले त्यांनी कागद दिला होता, छपाई केली होती. तुमच्या मेसेजमधली काही ॲपवाली कर्जं मात्र, खरं सांगायचं तर, मला सुप्याच्या जातीची वाटतात. तिथे आधी रोखा तपासा. मंजुरी किती, हातात किती आले, 'प्रोसेसिंग फी' म्हणून किती कापले, ते लिहून काढा.

आणि हट्टाची दुसरी बाजूही आहे. ट्वेनच्या सत्तर वर्षं आधी, १८२६ मध्ये, स्कॉटिश कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट अशाच प्रकाशन-छपाईच्या भागीदारीत बुडाला. देणं सव्वा लाख पौंडांच्या आसपास. मित्र मदत देत होते, त्याने घेतली नाही. लिहून फेडीन म्हणाला. त्याच वर्षी बायको गेली. नेपोलियनचं नऊ खंडांचं चरित्र लिहिलं, कादंबऱ्यांवर कादंबऱ्या लिहिल्या, अर्धांगाचे झटके आले तरी थांबला नाही. १८३२ मध्ये गेला, तेव्हा देणं बरंच उतरलं होतं पण संपलं नव्हतं. उरलेलं त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून नंतर फिटलं. ट्वेनकडे जो रॉजर्स होता, तसा कोणी 'आता पुरे, झोप' म्हणणारा स्कॉटकडे होता का, असा प्रश्न मला पडतो.

परत ट्वेनकडे. १८९७ च्या शेवटी तो व्हिएन्नात होता आणि न्यूयॉर्कमध्ये रॉजर्सने धनकोंना पैसे वाटायला सुरुवात केली. पैसे मिळालेल्यांची पोचपत्रं रॉजर्स व्हिएन्नाला पाठवत होता. ट्वेनने त्याला कळवलं की पैसे आत ओढण्यापेक्षा बाहेर देण्यात जास्त मजा येतेय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. मनावरचं ओझं उतरलंय, लिहिणं परत आवडायला लागलंय. आणि लिव्ही? ती ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचत होती. सूझी गेल्यानंतरचा तिचा पहिला खरा आनंदाचा दिवस तो होता, असं त्याने लिहिलंय.

बघा हं, अजून सगळं फिटलेलं नव्हतं तेव्हाच हा बदल झाला. एकेक नाव यादीतून कटायला लागलं आणि दम परत आला. म्हणजे आधी उत्साह आणि मग फेड, असं त्याच्या बाबतीत झालंच नाही. अडीच वर्षं त्याने बिनउत्साहाने ओढली.

१८९८ च्या सुरुवातीला शेवटचं देणं चुकतं झालं. चार वर्षं म्हणाला होता, त्याच्या बऱ्याच आधी. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत देशपातळीवरचा दिवाळखोरीचा कायदा आला. १८७८ पासून असा कायदाच नव्हता. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये तो न्यूयॉर्कला परतला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं.

मग तो सुधारला का? १८९८ चा मार्च, कर्ज फिटून काही आठवडे झालेत. व्हिएन्नात त्याला यान श्चेपानिक नावाचा एक तरुण पोलिश संशोधक भेटला. त्याने कापडावरच्या नक्षीचे आराखडे फोटोच्या तंत्राने तयार करणारं यंत्र बनवलं होतं. ट्वेन परत हरखला. रात्रभर आकडेमोड केली. अमेरिकेतल्या हक्कांसाठी पंधरा लाख डॉलरच्या करारावर प्राथमिक बोलणी करून टाकली आणि रॉजर्सला पत्र लिहिलं की स्टँडर्ड ऑइलच्या मंडळींनी यात पैसे घालावेत. रॉजर्सने चौकशी करून नाही म्हणून कळवलं. त्यानंतर काही वर्षांत दुधापासून केलेल्या प्लाझमॉन नावाच्या पौष्टिक पावडरीच्या कंपनीत ट्वेनने पैसे घातले. तो ती स्वतःही खायचा आणि लोकांनाही खायला सांगायचा. तिथले पैसे बुडाले. पण या वेळी उसने घेतलेले नव्हते.

दामदुपट आणि सुप्याच्या दंग्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. तुमच्या गावाकडे जुने कर्जरोखे, खतं, मोडीतले कागद पडलेले असतील तर फोटो पाठवा, नावं झाकून. भेटूया पुढच्या भागात.